उरलेल्या चौकोनाचा ससा

प्रश्न : आईच्या विणकामाची एक जुनी पिशवी घरात आहे. नमुना बघायला विणलेले चौकोन, पाठ झाली पण पुढचा भाग कधी सुरूच झाला नाही असा स्वेटर, एकटी बाही, जोडीतला एक मोजा, नातवंडांची लहान झालेली टोपडी, असं काय काय तिच्यात निघालं. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. यांची मऊ खेळणी करावीत असं मनात आलं, म्हणून एका चौकोनाला कात्री लावली, तर टाके भराभर सुटायला लागले. सुती कापडाचा तुकडा कापला की कडेचे चार धागे निघतात आणि थांबतात. मग विणलेल्याचंच असं का होतं? आणि असं होत असताना मोज्यांची माकडं, स्वेटरची अस्वलं लोक करतात तरी कशी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच दडलेलं आहे. विणलेला तुकडा का सुटतो हे एकदा कळलं, की त्याला कात्री कुठे लावायची, कुठे नाही आणि बहुतेक वेळा ती लावायची गरजच का नसते, हेही कळतं.

मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन दिशांचे धागे असतात. एक धागा दुसऱ्याच्या वरून जातो, मग खालून. कापड कापलं की त्या जागचे धागे तुटतात, कडेचे काही निघून येतात, पण आतल्या धाग्यांना त्याची झळ पोचत नाही. ते एकमेकांत दाबून बसलेले असतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरत असतो. त्याचा प्रत्येक टाका खालच्या ओळीतल्या टाक्यातून वर काढलेला असतो आणि त्याच्यातून वरच्या ओळीतला टाका निघालेला असतो. टाक्याला धरून ठेवतो तो त्याच्या वरचा टाका. वरचा तुटला की खालचा मोकळा, तो निसटला की त्याच्या खालचा, असं थेट खाली सुटत जातं. सुईवरून एखादा टाका निसटला की खालपर्यंत जी शिडी पडते, ती यामुळेच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. विणकाम जिथे संपतं, म्हणजे टाके बंद केलेले असतात, तिथून ते सहज उसवतं. जिथे टाके घालून सुरुवात केलेली असते, त्या बाजूने ते एवढ्या सहजासहजी उसवत नाही. हे पहिलं. दुसरं असं की आडवं कापणं आणि उभं कापणं यांत मोठा फरक आहे. ओळीला समांतर, म्हणजे आडवी कात्री चालवली की एका दमात रांगभर टाके उघडे पडतात आणि प्रत्येक जण खाली धावायला लागतो. टाक्यांच्या उभ्या रांगेला धरून कापलं तर कडेला धाग्याची आखूड टोकं निघतात, पण शिडी पडत नाही. तुमचा चौकोन भराभर सुटला, तो बहुधा आडवा कापला गेला म्हणून.

उभं कापण्याचं हे तंत्र स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या विणकरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. रंगीत नक्षीचा फेअर आयल स्वेटर तिथे गळ्यापर्यंत सलग नळीसारखा विणतात आणि मग पुढून उभा कापून त्याचं कार्डिगन करतात. पाहणाऱ्याचा जीव वरखाली होतो, पण तिथली लोकर केसाळ असते, धागे एकमेकांना चिकटून राहतात, त्यामुळे कड सुटत नाही. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. तो गुळगुळीत धागा आहे, त्याच्यावर एवढा भरवसा टाकता येत नाही. म्हणून कापायचंच असेल तर नियम असा : आधी शिवायचं, मग कापायचं. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ मशीनची बारीक टीप किंवा हाताने दाट बखिया घाला आणि दोन टिपांच्या मधून कात्री चालवा.

पण मुळात कात्री हातात घेण्याआधी तुकडा नीट न्याहाळावा. विणलेल्या तुकड्याला चारही बाजूंनी पक्क्या कडा आधीच असतात. कापडाच्या चिंधीला ही सोय नसते. कापडाचं खेळणं करताना आपण आधी कागदावर नमुना काढतो, त्याबरहुकूम तुकडे कापतो आणि जोडतो. विणलेल्या तुकड्याच्या बाबतीत क्रम उलटा ठेवला तर काम सोपं होतं. तुकड्याचा जो आकार आहे, त्याचं काय होईल ते ठरवायचं आणि घडी, चुणी, टाका एवढ्यावर भागवायचं.

विणकामाचा ताण इथे आपल्या बाजूने असतो. सपाट कापडाचा गोळा करायचा तर त्याला कळ्या कापाव्या लागतात, चुण्या घ्याव्या लागतात. विणलेल्या तुकड्यात टाके गरजेप्रमाणे आडवे-उभे ओढले जातात आणि आत कापूस भरला की तुकडा आपोआप गोलाई धरतो. गाल, पोट, ढुंगण यांना वेगळी बेतणी लागत नाही.

आता चौकोनाचा ससा. बाजू साधारण 15 सेंटीमीटर असलेला चौकोन घ्या. सगळ्या ओळी सुलट विणलेला असेल तर फार चांगलं, कारण त्याच्या कडा वळत नाहीत. जी बाजू आत जायला हवी ती वर करून तो पाटावर पसरा. डाव्या कडेचा मध्य, उजव्या कडेचा मध्य आणि वरच्या कडेचा मध्य अशा तीन जागी टाचण्या लावा. बोथट टोकाच्या जाड सुईत मजबूत सुती दोरा दुहेरी ओवा. ओढताना लोकर तुटू शकते, म्हणून दोराच बरा. डाव्या टाचणीपासून उजव्या टाचणीपर्यंत सरळ धावदोरा घाला, तिथून तिरका वरच्या टाचणीपर्यंत जा आणि वरून तिरकं खाली डावीकडे परत या. चौकोनावर दोऱ्याचा त्रिकोण उमटला. आता बटव्याची नाडी ओढावी तशी दोऱ्याची दोन्ही टोकं हळूहळू ओढा. त्रिकोणाची थैली व्हायला लागेल. ती पूर्ण मिटायच्या आत तिच्यात लिंबाएवढा कापूस भरा, दोरा घट्ट ओढा आणि दोन-तीन गाठी मारा. हे डोकं झालं. वरचे दोन कोपरे उभे राहिलेले दिसतील, ते कान. खाली उरलेल्या अर्ध्या चौकोनाच्या दोन्ही कडा मागे एकत्र आणून पाठीवर शिवा, पोटात कापूस भरा, खालच्या कडेला धावदोरा घालून ओढून बंद करा. त्या जागी लोकरीचा छोटा गोंडा लावला की शेपूट झालं. सगळ्यात कुठेही कात्री लागली नाही आणि एकही टाका सुटला नाही.

चौकोनाऐवजी लांबट तुकडा असेल तर तो आडवा दुमडा, दोन्ही बाजू शिवून पिशवी करा. घडीकडच्या दोन कोपऱ्यांवर तिरका बखिया घातला की अस्वलाचे कान वेगळे उठून दिसतात. कापूस भरून वरून एक तृतीयांशावर धावदोरा ओढला की मान होते. खाली मधोमध दोन्ही थरांतून आरपार बखिया घातला की दोन पाय.

बाकीच्या वस्तू आपला आकार स्वतःच सांगतात. एकट्या बाहीचा साप होतो किंवा लांबलचक कुत्रा. मनगटाकडची एक सुलट, एक उलट विणलेली बॉर्डर सुटी असेल तर ती दुसऱ्या खेळण्याच्या गळ्यात स्वेटर म्हणून चढते. बाळाचं टोपडं पालथं घातलं की कासवाची पाठ. अंगठा असलेल्या हातमोज्याची खार करावी, अंगठ्याचं शेपूट. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणलेली अरुंद पट्टी असेल तर ती शिवूही नका. अशा विणीच्या उभ्या कडा आपोआप उलट बाजूकडे वळतात. स्वेटर विणताना वैताग आणणारा हा गुण इथे कामाला येतो. पट्टीची सुरळी होते, चार टाके घातले की हात, पाय, शेपूट तयार. कापूस भरायचीही गरज नाही.

तुम्ही मोज्यांच्या माकडांचं विचारलंत. त्यांचं गाव ठाऊक आहे : अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं रॉकफर्ड. स्वीडनहून आलेल्या जॉन नेल्सन यांनी तिथे मोजे विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि नेल्सन निटिंग कंपनीचे करड्या रंगाचे, दणकट, कामगारांनी घालायचे मोजे प्रसिद्ध झाले. नकला इतक्या निघाल्या की आपला माल ओळखू यावा म्हणून कंपनीने 1932 मध्ये टाचेला लाल रंग दिला. ती महामंदीची वर्षं होती. खेळणी विकत आणायला पैसे नसलेल्या घरांत फाटक्या मोज्यांची माकडं होऊ लागली आणि टाचेचा लाल भाग माकडाचं तोंड झाला. पुढे कंपनीला याचा पत्ता लागला, 1955 मध्ये माकडाचं पेटंट तिच्याकडे आलं आणि मोज्यांच्या जोडीबरोबर माकड करण्याची कृतीही मिळू लागली.

ती कृती पाहिली की वर सांगितलेला नियम तिथे तंतोतंत सापडतो. पहिल्या मोज्याच्या बोटांकडच्या भागाचं डोकं होतं, टाचेचं बूड आणि पोटरीवरच्या नळीचे दोन पाय. पाय वेगळे करायला मोजा उलटा करून नळीच्या मधोमध आधी दोन उभ्या टिपा घालायच्या आणि मगच त्यांच्यामधून कापायचं. दुसऱ्या मोज्यातून हात, कान, शेपूट आणि लाल टाचेचं तोंड. म्हणजे आधी शिवायचं, मग कापायचं, तेही उभं. जोडीतला एक मोजा हरवला असेल तर तुम्हाला माकडाऐवजी दुसरं काही शोधावं लागेल. एका मोज्यात हत्तीचं डोकं मात्र सहज होतं. टाच कपाळ, पंजा सोंड. सोंडेत कापूस सैल भरावा, म्हणजे ती हवी तशी वळते.

याच विषयावर इतर वाचकांचेही काही प्रश्न आले आहेत. तेही इथेच घेतो.

प्रश्न : जुना स्वेटर उसवून लोकर पुन्हा विणता येते. मग खेळणं कशाला करायचं? कोणता स्वेटर उसवायचा आणि कोणता नाही, हे कसं ओळखायचं?

उत्तर : स्वेटर उलटा करून कुशीची शिवण बघा. दोन पक्क्या कडा एकमेकींना लोकरीने जोडलेल्या दिसल्या तर तो आकारात विणलेला आहे. शिवण सोडवा, बंद केलेल्या टाक्यांकडून सुरुवात करा, सलग धागा हाती येईल. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून त्याची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून हलक्या वजनाने टांगून ठेवा. वाळेपर्यंत धाग्याचे बरेचसे वळसे जातात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, तेव्हा हे काम घरोघर चालायचं.

शिवणीवर ओव्हरलॉकचे दाट दोरे दिसले तर मात्र उसवायच्या फंदात पडू नका. ते स्वेटर यंत्रावर विणलेल्या सलग कापडातून कापून शिवलेले असतात. प्रत्येक ओळ कडेला तुटलेली असते आणि हाती फक्त हातभर लांबीचे तुकडे येतात. असे स्वेटर, आटून दाट झालेली लोकरी कापडं आणि हौसेने विणलेले छोटे चौकोन खेळण्यांसाठी ठेवावेत. हातविणीचा मोठा, धडका तुकडा उसवावा. विरलेलं, कोपराला जाळी पडलेलं असेल ते भंगारात गेलं तरी वाया जातंच असं नाही. हरयाणातल्या पानिपतमध्ये देशोदेशीचे जुने लोकरी कपडे येतात. बटणं, चेन, लेबलं काढून, रंगांप्रमाणे ढीग लावून ते यंत्रात पिंजतात, त्याचं सूत काततात आणि ब्लँकेटं विणतात. ही युक्ती इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या बॅटलीची. तिथे बेंजामिन लॉ यांनी 1813 मध्ये जुन्या लोकरी चिंध्या पिंजून नव्या लोकरीत मिसळायला सुरुवात केली. कारखान्याला तुमच्या चौकोनाचा आकार मोडावाच लागतो. घरी तो आकारच आपल्या उपयोगाचा.

प्रश्न : स्वेटर गरम पाण्यात मुद्दाम आटवला की तो हवा तसा कापता येतो, असं ऐकलं. माझा तर आटलाच नाही. असं का?

उत्तर : बहुधा तो लोकरीचा नव्हता. मेंढीच्या लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं, चोळणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत मागे येत नाहीत. विण आक्रसते, टाके दिसेनासे होतात आणि जाड नमद्यासारखं कापड तयार होतं. त्यात टाका असा वेगळा उरतच नाही, म्हणून कुठूनही कापलं तरी ते उसवत नाही. आपल्याकडे याच गुणावर जेन तयार होतं. कोल्हापूर भागात धनगरांच्या मेंढ्यांची लोकर पसरून, पाण्याने भिजवून, लाटून-मळून केलेलं ते आसन. त्यात विणकाम अजिबात नसतं.

अ‍ॅक्रिलिकच्या धाग्यावर खवले नाहीत, त्यामुळे तो कितीही उकळला तरी असा घट्ट होणार नाही. खरी लोकर असूनही मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली असेल, तर तिचे खवले आधीच घालवलेले किंवा झाकलेले असतात. तीही आटत नाही. लेबल नसेल तर एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघा. लोकर केस जळल्यासारखा घाण वास मारते, ज्योत बाजूला नेली की विझते आणि राख चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

आटवायचं असेल तर स्वेटर जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, म्हणजे सुटलेले केस मशीनमध्ये अडकणार नाहीत. गरम पाणी आणि साबण घालून मशीन चालवा, मधूनमधून काढून बघा. टाके दिसेनासे झाले की थांबा. रंग सोडणारा स्वेटर वेगळा आटवा.

प्रश्न : आत काय भरावं? मी कापूस भरला तर टाक्यांच्या फटींतून पांढरं बाहेर डोकावतं.

उत्तर : सैल विणीचं हे नेहमीचं दुखणं आहे. खेळण्याच्या आकाराची, किंचित मोठी पिशवी जुन्या बनियनच्या किंवा टी-शर्टच्या कापडाची शिवा आणि भरण तिच्यात घाला. हे कापडही मुळात विणलेलंच असतं, फक्त यंत्रावर आणि बारीक. त्यामुळे बाहेरच्या विणीबरोबर तेही ताणतं. मागावरच्या कापडाचं अस्तर दिलं तर बाहेरचं ताणतं, आतलं ताणत नाही आणि खेळणं खडबडीत दिसतं. अस्तर शक्यतो बाहेरच्या रंगाचं घ्या.

भरणाबद्दल सांगायचं तर पिंजलेला साधा कापूस स्वस्त आणि मऊ आहे, पण धुतला की त्याच्या गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात वाळता वाळत नाही. धुवायची वेळ येणार असेल तर उशांसाठी मिळतं ते फायबर भरा. ते लवकर वाळतं आणि फुगीरही राहतं. शेवरीचा कापूस हलका असतो, पण भरताना नाकातोंडात उडतो, म्हणून तोंडाला रुमाल बांधूनच काम करावं. लोकरीचे आखूड तुकडे मधल्या भागात घालून भोवती फायबर भरलं तर तेही मार्गी लागतात. बूड जड व्हावं म्हणून तांदूळ, राजगिरा भरायचा मोह टाळा. धान्याला पोरकिडे लागतात आणि खेळणं धुताही येत नाही.

भरताना सुरुवात टोकांपासून करा. कान, पाय, सोंड यांत पेन्सिलीच्या बोथट बाजूने थोडं थोडं ढकला, पोट सगळ्यात शेवटी. फार ठासून भरलं की टाके फाकतात. हाताने दाबलं तर खेळण्याने परत फुलावं, एवढंच भरावं.

प्रश्न : बाळासाठी खेळणं करायचं आहे. डोळ्यांना बटणं लावली तर चालतील का? जुना स्वेटर बाळाला चालेल ना?

उत्तर : तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बटण, मणी, टिकली, घुंगरू यांतलं काहीही लावू नका. कितीही घट्ट शिवलं तरी विणलेल्या पायावर टाका सैल पडतो आणि बटण हातात येतं. खेळण्यांच्या चाचणीत सुमारे 31.7 मिलीमीटर व्यासाची एक छोटी नळी वापरतात. त्या नळीत पूर्ण मावणारा कोणताही सुटा भाग एवढ्या लहान मुलासाठी धोक्याचा मानतात, तो घशात अडकू शकतो. शर्टाचं काय, कोटाचं बटणही त्या नळीत जातं. डोळे भरतकामाने करा. गाठीचा टाका दोन-तीनदा एकाच जागी घातला की टपोरा डोळा होतो. नाक भरीव टाक्याने, तोंड दोन तिरक्या टाक्यांनी. गळ्यात रिबन, लांब दोरी नको. गोंडाही नको, कारण त्यातले धागे ओढून निघतात. वर सांगितलेल्या सशाचं शेपूट बाळासाठी भरतकामानेच करावं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा सल्ला असा आहे की एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी मऊ खेळणी ठेवूच नयेत. जागेपणी, मोठं माणूस जवळ असताना खेळायला द्या.

जुन्या स्वेटरबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपल्याकडे लोकरी कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची पद्धत आहे. त्या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलिन असतं आणि त्याची वाफ कपड्यात मुरते. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅफ्थलिनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. कमतरता आहे की नाही हे घरच्यांना आधी ठाऊक असेलच असं नाही. बाळ तर प्रत्येक वस्तू तोंडात घालणार. म्हणून वास येणारे तुकडे तान्ह्या बाळासाठी वापरूच नका. मोठ्या मुलांसाठी वापरायचे झाले तर धुऊन, उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच कामाला घ्या.

कसर लागली असेल तर तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. अळ्या, अंडी मरतात. मगच तो इतर लोकरीजवळ आणा. अ‍ॅक्रिलिकच्या स्वच्छ तुकड्याला ही भीती नसते.

प्रश्न : आमच्या बचत गटाने अशी खेळणी करून जत्रेत, प्रदर्शनात विकली तर चालतील का?

उत्तर : भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा 2020 चा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. त्यानुसार 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचं आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे आणि मऊ खेळणी त्यात येतात. विकास आयुक्त, हस्तकला यांच्या कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट दिली गेली. तेव्हा स्टॉल लावण्याआधी गटातल्या बायकांच्या कारागीर नोंदणीची चौकशी करा आणि सध्याचे नियम विचारून घ्या. सूट मिळाली तरी वरची डोळ्या-बटणांची पथ्यं सुटत नाहीत. जुना तुकडा वापरला आहे हे गिऱ्हाइकाला सांगावं, चिठ्ठीवर धागा कोणता आणि कसं धुवायचं हेही लिहावं.

प्रश्न : माझी नात विणायला शिकते आहे. तिचा पहिला तुकडा वीस टाक्यांनी सुरू झाला आणि संपला तेव्हा खूपच रुंद झाला होता. मधे एक भोकही आहे. तो उसवू म्हणाले तर ती रडते. याचं काही होईल का?

उत्तर : उसवू नका. शिकणाऱ्याचा तुकडा बहुधा रुंदच होत जातो. ओळीच्या सुरुवातीला लोकर सुईच्या मागे न राहता वरून ओढली जाते, त्यामुळे पहिल्या टाक्याचे दोन धागे दिसतात आणि शिकणारा ते दोन वेगळे टाके समजून विणतो. दर ओळीला एखादा टाका वाढतो आणि चौकोनाचा सुरुवातीला अरुंद, शेवटी रुंद असा तुकडा होतो. तुमच्याकडे जो आकार आहे तो घुबडाचा.

तुकडा उभा अर्धा दुमडा. अरुंद बाजू वर, रुंद बाजू खाली. मागची कड शिवा, कापूस भरा आणि खालचं तोंड बंद करा, बूड रुंद असल्यामुळे घुबड न कलंडता बसेल. वरची कड सरळ शिवली की दोन टोकं आपोआप उभी राहतात, तीच घुबडाची शिंगं. भोक पडलंय तिथे सुटलेला टाका आधी त्याच लोकरीने पकडून बांधून टाका, नाहीतर शिडी खाली जाईल. मग ते भोक जिथे येईल तिथे एक डोळा भरा आणि दुसरा त्याच्या समोर. डोळे थोडे वरखाली झाले तर होऊ देत, घुबड तिरकं बघतंय असं वाटेल. आणि दुसरा तुकडा सुरू करताना नातीला एवढंच सांगा : ओळ संपली की टाके मोज, वीसच हवेत. तो चौकोन नीट आला की सशाची कृती वर दिलेली आहेच.